आधी गोळी, मग मन? हा क्रमच चुकीचा आहे

पुण्यात साथीची चर्चा आता दरवर्षी निघते. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर एरंडवण्यात झिका सापडला. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकाएकी वाढले. दोन्ही वेळा ‘पुढच्या साथीची तयारी’ या विषयावर भरपूर बोललं गेलं. या चर्चांत एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचा विषय निघालाच, तर तो ठरावीक जागी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, आधी गोळ्यांचा पुरवठा अखंड ठेवा, मनाचं नंतर बघू. दुसरी म्हणते, मनाकडे दुर्लक्ष करू नका. आणि लगेच ऑनलाइन ध्यानवर्ग, ‘सकारात्मक राहा’ची व्याख्यानं आणि एक हेल्पलाइन नंबर सुचवते. दोन्ही बाजू तळमळीने बोलतात. पण दोघांनीही औषध आणि मन ही दोन वेगळी कामं धरली आहेत. वाद उरतो तो फक्त आधी कोणतं आणि पैसे कशाला जास्त, एवढाच.

माझं म्हणणं असं की ही विभागणीच खोटी आहे. साथीच्या काळात एचआयव्ही असलेल्या माणसाचं मन मुख्यतः तीन गोष्टींनी खचतं: गुपित फुटेल ही धास्ती, आधाराची माणसं तुटणं आणि हातातला पैसा आटणं. या तिन्ही गोष्टी औषध कुठे मिळतं, कुणाच्या हातून मिळतं, घरात कुठे ठेवलं जातं आणि आणायला किती खर्च येतो, यांच्याशी बांधलेल्या आहेत. म्हणून मनाची काळजी औषधपुरवठ्याच्या आराखड्यातच लिहिली गेली पाहिजे, तेवढ्याच काटेकोरपणे.

हे पटायला लॉकडाऊनमधली एक खोली डोळ्यांसमोर आणावी. जनता वसाहतीतली किंवा ताडीवाला रस्त्यावरची, दहा बाय दहाची, आत पाच माणसं. त्यातल्या एका बाईच्या गोळ्या चालू आहेत आणि घरात ते फक्त नवऱ्याला माहीत आहे, किंवा नवरा गेल्यापासून कुणालाच नाही. एरवी सासू देवळात, मुलं शाळेत, दीर कामावर. गोळी घ्यायला दोन मिनिटं मिळतात. मार्च 2020 पासून तीच दोन मिनिटं नाहीशी झाली. गोळ्यांची बाटली प्लॅस्टिकची, आत तीस गोळ्या. हलवली की वाजते. एकदम तीन महिन्यांचा साठा दिला की तीन बाटल्या. लेबल खरवडून काढलं तरी बाटलीचा आकार ओळखीचा राहतो. म्हणून बायका गोळ्या कागदाच्या पुडीत किंवा मसाल्याच्या डब्यात काढून ठेवतात. मग बाटलीतली ओल शोषणारी पुडी मागेच राहते आणि पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. गोळी कधी चुकते, कधी दोन दिवसांनी आठवते, आणि चुकली की ‘आता व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढणार’ या विचाराने झोप उडते. या बाईला काय हवं आहे? ध्यानवर्ग? की ओल शोषणारी पुडी असलेली, लेबल नसलेली, न वाजणारी एक साधी डबी आणि दिवसाची वेळ बदलून घ्यायचा सल्ला? टीएलडीची गोळी, म्हणजे एचआयव्हीवरच्या तीन औषधांची मिळून एक गोळी, चोवीस तासांतून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. रात्री नऊलाच घेतली पाहिजे असं काही नाही. सकाळी पाण्याच्या नळावर जाताना घेतली तरी चालते. चुकली तर आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. एवढं वेळेवर कळलं तर कितीतरी बायकांची रात्रीची तगमग थांबली असती. हा औषधाचा सल्ला झाला की मनाचा?

गोळ्यांमुळे मनावर परिणाम होतो, हीही गोष्ट या वादात विसरली जाते. 2020 च्या आधी बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत एफाविरेन्झ होतं. त्याने गरगरतं, विचित्र स्वप्नं पडतात, काहींना उदास वाटतं. म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. साथीच्याच सुमारास सरकारी एआरटी केंद्रांनी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रांनी, रुग्णांना डोल्युटेग्राविर असलेल्या टीएलडीवर आणायला सुरुवात केली. हे औषध चांगलं, पण काहींची झोप त्यानेही उडते; त्यांनी ते सकाळी घ्यायचं असतं. आता विचार करा: बाहेर साथ, घरात कोंडलेपण, आणि नेमकी त्याच महिन्यांत गोळी बदललेली. झोप येत नाही ती भीतीने की गोळीने, हे त्या माणसाने कसं ओळखायचं? त्यात झिंकच्या गोळ्यांची लाट आली. झिंक, कॅल्शियम, लोह, अ‍ॅन्टासिड यांच्यामुळे डोल्युटेग्राविर पोटात नीट शोषलं जात नाही. म्हणून झिंकच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास अंतर ठेवावं लागतं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिनचाही डोस या औषधाबरोबर मर्यादेत ठेवावा लागतो. हे दुकानदाराला सांगायचं तर एचआयव्ही सांगावा लागतो. न सांगता झिंक घेतलं तर गोळीचा असर घटतो, सांगितलं तर गल्लीत बोभाटा होईल अशी भीती. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणून काय उपयोग?

भीतीला कारण असतं तेव्हा भीतीवर उपाय म्हणजे माहिती. मार्च 2020 मध्ये लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची औषधजोडी कोविडवर वापरायला केंद्र सरकारने मुभा दिली. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत पुढे त्याचा कोविडवर फायदा दिसला नाही. पण दुसऱ्या फळीच्या उपचारावर (पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरच्या) असलेल्या, रोज याच गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न होता: माझ्या गोळ्या आता कोविडवाल्यांना जाणार का? त्याला केंद्रातून फोन करून ‘तुमच्या गोळ्यांचा इतक्या महिन्यांचा साठा इथे आहे’ एवढं सांगणं हे समुपदेशनच होतं, आणि बरंच परिणामकारक.

आता पलीकडच्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला: माणसं मरत होती, साधनं तुटपुंजी होती, आणि गोळ्या थांबल्या असत्या तर आणखी मेली असती. हे शंभर टक्के खरं. मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्सने गणिती प्रारूपावरून सांगितलं होतं की आफ्रिकेच्या सहारापलीकडच्या भागात सहा महिने उपचार तुटला तर पाच लाख जास्तीचे मृत्यू होऊ शकतात. पुण्यातल्या केंद्रांतल्या, संस्थांतल्या आउटरीच वर्करनी, म्हणजे वस्तीत जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, त्या दिवसांत गोळ्या पोचवल्या, काहींनी दुचाकीवर तालुक्याच्या गावापर्यंत. त्यांच्यामुळे अनेकांचे जीव वाचले. पण गोळी पोचली म्हणजे पोटात गेली, असं का धरायचं? उदासीनता आलेल्या माणसाच्या गोळ्या जास्त चुकतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. एचआयव्ही असलेल्यांमध्ये उदासीनता इतरांपेक्षा जास्त आढळते, हेही. म्हणजे ‘आधी गोळी’ म्हणणाऱ्यांना जे साधायचं आहे, तेच मन वगळून साधत नाही.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे: साथीत सगळ्यांचंच मन खचलं होतं, मग यांच्यासाठीच वेगळं काय? खचलं होतं, हे कबूलच. रिक्षावाले, घरकामाच्या बायका, आई-वडील गमावलेली मुलं, कुणाचं दुःख कमी होतं? पण बाकीच्यांना ते बोलता येत होतं. शेजारीण रडत आली तर का रडतेस ते सांगू शकत होती. एचआयव्ही असलेल्या माणसाला स्वतःच्या धास्तीचं कारणच लपवावं लागतं. आणि कोविडने जे जे केलं ते त्याच्या जुन्या जखमेवर होतं. ताप आला की ‘कुणाकुणाच्या संपर्कात आलात?’, महाराष्ट्रात डाव्या हातावर मारलेला विलगीकरणाचा शिक्का, दारावर चिकटवलेला कागद, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी नावं. 1989 मध्ये गोव्यात एचआयव्ही असल्याच्या कारणावरून एका तरुणाला कायद्याचा आधार घेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवलं होतं. ती पिढी अजून आहे आणि तिच्या आठवणीही.

काही जण उलट टोकाचं म्हणतात: या लोकांनी आयुष्यभर एक साथ पचवलीय, ते आपल्यापेक्षा खंबीर आहेत. यातही तथ्य आहे. अनेकांनी एकही गोळी चुकू दिली नाही. मास्क, हात धुणं, स्वतःची तपासणी यांत ते इतरांच्या पुढे होते. पण खंबीरपणाचं कौतुक करून जबाबदारी झटकली जाते, तिथे माझी हरकत आहे. खंबीर माणसालाही सेंटरवर जायला पास लागतो.

त्या प्रवासाकडे नीट बघायला हवं. पुणे जिल्ह्यातली, शेजारच्या जिल्ह्यांतली कितीतरी माणसं मुद्दाम आपल्या तालुक्यातल्या केंद्रावर जात नाहीत. लांबचं ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम निवडतात, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. एरवी हे अंतर त्यांचं संरक्षण असतं, लॉकडाऊनमध्ये तेच नडलं. नाकाबंदीवर हवालदाराने ‘कुठं चाललात?’ विचारलं तर दाखवायचं काय? ग्रीन बुक, म्हणजे रुग्णाजवळची उपचाराची वही. तीच ती, जी घरात गहू-ज्वारीच्या डब्यात दडवलेली असते. अडकलेल्या माणसाला जवळच्या केंद्रावरून गोळ्या द्यायची सोय झाली, पण जवळचं केंद्र म्हणजेच ओळखीचं केंद्र. मग लोकांनी काय केलं? काहींनी एक दिवसाआड गोळी घेऊन साठा पुरवला. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे.

लसीकरणातही तेच झालं. 1 मार्च 2021 ला 45 ते 59 वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. वीस व्याधींच्या यादीत एचआयव्ही होता, ही चांगली गोष्ट. पण त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं, त्यावर व्याधी नोंदवलेली, आणि ते केंद्रावरच्या टेबलावर दाखवायचं, मागे वॉर्डातल्या लोकांची रांग. 1 एप्रिलला 45 वरच्या सगळ्यांना लस मिळू लागली. ज्याला लस आधी मिळायला हवी म्हणून यादीत घातलं, त्याने गुपितापायी महिनाभर वाट बघणं पसंत केलं असेल तर नवल काय? प्रमाणपत्रावर व्याधीचं नाव न घालता ‘यादीतील व्याधी आहे’ एवढी डॉक्टरची सही पुरली असती. एका ओळीचा फरक.

पुण्याला हे नव्याने शिकवावं लागू नये. 1897 च्या प्लेगमध्ये इथे घराघरांत घुसून झडत्या झाल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. रुग्ण वेगळा ठेवण्यामागे वैद्यकीय कारण होतं, हे मान्य करावंच लागेल. पण ज्या रीतीने ते केलं गेलं त्याने लोक आजारी माणसं लपवू लागले. त्याच शहरात सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोचवत होत्या, आणि त्यातच प्लेगने 10 मार्च 1897 ला गेल्या. साथ तीच होती, पण झडतीवाल्याला लोकांनी दार लावलं. त्या वर्षी केलेला साथरोग कायदाच 2020 मध्येही वापरला गेला. त्या कायद्यात सक्तीचे अधिकार आहेत. गोपनीयतेबद्दल त्यात काही नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात ते आहे: संमतीशिवाय कुणाचीही स्थिती उघड करायची नाही, नोंदी सुरक्षित ठेवायच्या, वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा. साथ आली की पहिला कायदा आठवतो, दुसरा विसरला जातो. कोविड वॉर्डात हे रोज दिसत होतं. दाखल झालेल्या माणसाच्या गोळ्या घरी, नातेवाइकांना माहीत नाही, आणि वॉर्डात इतक्यांसमोर सिस्टरला सांगायचं कसं? प्रत्येक विलगीकरण रुग्णालयाच्या फार्मसीत टीएलडीच्या थोड्या बाटल्या, साध्या पाकिटातून देण्याची रीत आणि भरती करताना पडद्याआड विचारलेला एक प्रश्न, एवढ्याने हे सुटतं.

तिसरा आक्षेप समुपदेशकांचाच आहे आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो: मोठ्या केंद्रात हजारो रुग्ण, समुपदेशक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, प्रत्येकाचं मन कोण बघणार? बरोबर. सगळ्यांना तासभर देता येणार नाही. पण गोळ्या न्यायला न आलेल्याला केंद्रातून फोन जातोच. त्याच फोनमध्ये दोन प्रश्न बसतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, उदास, हताश वाटलं का. उत्तर शून्य ते तीन, म्हणजे ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. बेरीज तीन किंवा जास्त आली तर पीएचक्यू ही उदासीनता मोजणारी पूर्ण नऊ प्रश्नांची प्रश्नावली विचारायची. तिथे सत्तावीसपैकी दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. दोन प्रश्नांना दोन मिनिटं पुरतात. आणि एक फायदा लक्षात येत नाही: उत्तर आकड्यात असल्याने सासूसमोर बसलेली बाईसुद्धा फोनवर ‘दोन’ म्हणू शकते. कुणाला काही कळत नाही.

पण हा फोन नीट व्हायचा तर तयारी साथ नसताना करावी लागते, आणि गाडी इथेच घसरते. व्हाइट कार्डावर, म्हणजे केंद्रातल्या रुग्णाच्या नोंदपत्रावर, नंबर असतो, पण तो भावाचा असतो, किंवा स्वस्त रिचार्जसाठी बदललेला. म्हणून दर भेटीला विचारून घ्यायचं: फोन कुणाचा, आणखी कोण उचलतं, मोकळं कधी बोलता येतं, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं. ‘ताई, बचत गटाच्या मीटिंगचं विचारायचं होतं’ हे वाक्य आधी दोघींनी ठरवलेलं असलं की पुरे. पहिला प्रश्न नेहमी ‘आत्ता बोलता येईल का?’ हा; ‘नंतर’ म्हटलं तर वेळ ठरवून फोन ठेवायचा. पडद्यावर झळकणारे संदेश पाठवायचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तर कधीच नाही, कारण त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर आणि फोटो दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट चालते, पण ज्याने केंद्राचा नंबर साठवून ठेवलाय त्यालाच तो संदेश पोचतो. तेव्हा माणसाला समोर बसवून नंबर निरुपद्रवी नावाने साठवून घ्यायचा. गोळ्या घरी हव्यात, ठरलेल्या चौकात हव्यात, की स्वतः येऊन न्यायच्यात, हेही त्याचं त्याने निवडायचं.

पीएचक्यूतला नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दलचा. तो विचारायला नवे समुपदेशक कचरतात, कारण ‘हो’ आलं तर पुढे काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही. ‘हो’ आलं तर फोन ठेवायचा नाही. काही ठरवलंय का, हाताशी काय आहे, घरात आत्ता कोण आहे, हे शांतपणे विचारायचं. एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, पण मानसोपचाराच्या गोळ्या दिल्या तर आठवड्यापुरत्याच. दुसऱ्या दिवशी त्याच समुपदेशकाने पुन्हा फोन करायचा. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे, तो द्यावाच. पण नंबर देऊन जबाबदारी संपत नाही. उदासीनतेवर दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही साधी औषधं टीएलडीबरोबर चालतात, हे केंद्रातल्या डॉक्टरांनी रुग्णाला स्वतःहून सांगावं. ‘एवढ्या गोळ्या एकदम?’ या भीतीने लोक ती टाकून देतात.

आणि प्रत्येक दुःखावर गोळी नको, हे म्हणणारे बरोबर आहेत. 2020 मध्ये सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना दारं बंद केली तेव्हा त्यांना जे झालं तो आजार नव्हता, ती उपासमार होती. बुधवार पेठेतल्या देहविक्री करणाऱ्या बायकांचं उत्पन्न एका दिवसात शून्यावर आलं. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून गोळी टळते. इथे उपाय म्हणजे शिधा आणि रोख पैसे. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेल्यांना महिना 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि अर्ज गावातल्याच माणसांच्या हातून जातो. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात पुण्यात खोलीचं भाडंही भागत नाही. ही मर्यादा वाढवावी आणि साथ जाहीर झाली की एआरटी केंद्राच्या शिफारशीवर, गावाला न कळवता पैसे थेट खात्यात जावेत, ही मागणी मानसिक आरोग्याच्या बैठकीत मांडायला हवी. तिथे ती कुणी मांडत नाही, कारण ती ‘समाजकल्याणाची बाब’ समजली जाते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका आणि जिल्हा परिषद आपापल्या साथ-आराखड्यांवर काम करतील तेव्हा त्या बैठकीला केंद्रातला समुपदेशक, एक आउटरीच वर्कर आणि एचआयव्हीसह जगणारी दोन माणसं, त्यांतली एक बाई, हजर असली पाहिजेत, आणि प्रवासभाडं देऊन. कोणता कागद कुणासमोर दाखवावा लागेल, दार कोण वाजवेल, फोन कोण उचलेल, हे त्यांना विचारून आराखड्याचा मसुदा व्हावा. फोनची माहिती व्हाइट कार्डावर नोंदवण्याचं काम मात्र त्या बैठकीसाठी थांबवायची गरज नाही. ते पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला येणाऱ्या पहिल्या माणसापासून सुरू करता येतं.